नजरेआड असलेल्या सहकाऱ्यांचे नेतृत्व : नांदेड-लातूरच्या गटप्रवर्तक आणि आशाताईंचे उदाहरण



मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागू झाली आणि 'घरून काम' हा शब्दप्रयोग शहरातील लोकांच्या तोंडी रुळला. सहकारी समोर नसताना त्यांच्याकडून काम कसे करून घ्यावे, त्यांना धीर कसा द्यावा, नवे कौशल्य कसे शिकवावे, असे प्रश्न कार्यालयाकार्यालयांत विचारले जाऊ लागले. त्यांवर पुस्तके निघाली, व्याख्याने झाली. परंतु नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांतील हजारो स्त्रिया त्यापूर्वी दशकाहून अधिक काळ याच पद्धतीने काम करीत होत्या. त्यांना कार्यालय नव्हते, टेबल-खुर्ची नव्हती आणि त्यांचे काम पाहणारी व्यक्ती महिन्यातून जेमतेम एक-दोनदा त्यांच्या गावी येत असे. या स्त्रिया म्हणजे गावोगावच्या आशा स्वयंसेविका, आणि त्यांच्या कामाला दिशा देणारी स्त्री म्हणजे गटप्रवर्तक.

दूरवर विखुरलेल्या सहकाऱ्यांचे नेतृत्व कसे करावे, हा विषय समजून घेण्यासाठी आपल्याला परदेशातील कंपन्यांची उदाहरणे शोधण्याची गरज नाही. किनवटच्या डोंगरातील तांड्यावर किंवा जळकोटच्या वाडीवर जे काम चालते त्यातूनच आपण पुष्कळ शिकू शकतो.

ही रचना काय आहे?

राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानास १२ एप्रिल २००५ रोजी प्रारंभ झाला. साधारणपणे एक हजार लोकसंख्येमागे एक आशा, ती त्याच गावची रहिवासी, असे तिचे स्वरूप ठरले. आदिवासी व दुर्गम भागात ही लोकसंख्येची अट शिथिल आहे. गरोदर मातेची नोंद करणे, तिला प्रसूतीसाठी दवाखान्यात नेणे, बाळाचे लसीकरण, क्षयरोगाच्या रुग्णाला नियमित औषध घ्यावयास लावणे, अशी अनेक कामे तिच्याकडे आहेत. ती शासनाची पगारी सेवक नाही. तिला कामागणिक मोबदलाही मिळतो.

अशा सुमारे वीस आशांमागे एक गटप्रवर्तक असते. तिच्यावर तालुका समूह संघटक आणि त्यांच्यावर जिल्हा समूह संघटक, अशी ही साखळी आहे. उपकेंद्रातील आरोग्यसेविका आणि प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी हे आशेच्या कामाचे दुसरे आधार होत. महाराष्ट्रात आज सुमारे सत्तर हजार आशा आणि साडेतीन हजार गटप्रवर्तक आहेत.

अंतराची कल्पना यावी म्हणून थोडा भूगोल पाहू. नांदेड जिल्ह्यात सोळा तालुके आहेत, लातूरमध्ये दहा. २०११ च्या जनगणनेनुसार नांदेडची लोकसंख्या ३३ लाख ६१ हजार, तर लातूरची २४ लाख ५४ हजार होती. किनवट आणि माहूर हे तालुके जिल्ह्याच्या ठिकाणापासून दूर, जंगल व डोंगरांच्या मुलखात आहेत. पैनगंगेपलीकडे विदर्भ आणि पूर्वेस तेलंगणा. देगलूर, बिलोली, उदगीर, देवणी, निलंगा हे तालुके परराज्याच्या सीमेला लागून आहेत. मराठीबरोबरच तेलुगू, कन्नड, गोंडी, गोरमाटी, दखनी अशा बोली येथे घराघरांत बोलल्या जातात. एकच गटप्रवर्तक, परंतु तिच्या वीस आशांपैकी प्रत्येकीचे गाव, बोली आणि अडचण निराळी असते.

महिन्याचा एक दिवस

आता एक साधे गणित करू. गटप्रवर्तकाने महिन्यातील सुमारे वीस दिवस गावभेटी कराव्यात अशी अपेक्षा असते. वीस आशा आणि वीस दिवस, म्हणजे प्रत्येक आशेच्या वाट्यास महिन्याचा सुमारे एक दिवस येतो. उरलेले एकोणतीस दिवस ती एकटी असते. दूरच्या सहकाऱ्याचे नेतृत्व करणाऱ्या प्रत्येकाने हे गणित प्रथम मनाशी मांडावे. त्या एका दिवसात असे काय घडावे की ज्याच्या बळावर उरलेले एकोणतीस दिवस निभावले जातील?

पुष्कळदा तो दिवस नोंदवही तपासण्यात जातो. रकाने भरले आहेत का, सह्या आहेत का, आकडे जुळतात का, एवढे पाहून गटप्रवर्तक पुढच्या गावाची गाडी गाठते. तिचाही नाइलाज असतो, कारण वरून तिला आकडेच विचारले जातात. परंतु भरलेला रकाना आणि घडलेली भेट या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

उदाहरणार्थ नवजात बालकाची गृहभेट घ्या. २०११ पासून देशभर लागू झालेल्या पद्धतीनुसार, दवाखान्यात प्रसूती झाली असल्यास आशेने बाळाच्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जावयाचे असते. घरीच प्रसूती झाली असल्यास पहिल्या दिवशीची भेट अधिक. प्रत्येक भेटीत तिने बाळाचे वजन करावयाचे, ताप मोजावयाचा, घड्याळ लावून श्वास मोजावयाचे, बाळ अंगावर नीट पिते की नाही हे पाहावयाचे. श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून अधिक भरले तर ती धोक्याची खूण असते. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करणे, रडत्या बाळाचे श्वास मोजणे, मोजण्याऐवजी अंदाज करणे, या चुका नोंदवहीत कधीच दिसत नाहीत. त्या केवळ सोबत उभे राहिल्यानेच दिसतात.

म्हणून जी गटप्रवर्तक त्या एका दिवशी आशेबरोबर दोन घरी जाते, तिला श्वास मोजू देते, स्वतःही मोजते आणि मग दोघींचे आकडे ताडून पाहते, तिने त्या दिवसाचे सोने केले असे म्हणावे लागेल. तपासणी आणि शिक्षण या दोन्ही गोष्टी त्या एका कृतीत साधतात. शिवाय घरच्या मंडळींसमोर आशेचा मान वाढतो. 'हिला विचारणारे, शिकवणारे कोणी तरी आहे' हे गावाला दिसते, आणि पुढच्या वेळी ती दवाखान्यात चला म्हणाली तर सासूबाई तिचे ऐकतात.

हे शहाणपण नवे नाही

मराठवाड्याच्या वेशीवर, बीड जिल्ह्याला लागून असलेल्या जामखेड येथे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० मध्ये ग्रामीण आरोग्याचा प्रकल्प सुरू केला. गावातील साध्या, पुष्कळशा निरक्षर स्त्रियांना त्यांनी आरोग्य कार्यकर्त्या म्हणून घडविले. या स्त्रियांचे काम आपापल्या गावी चाले, परंतु त्या नियमितपणे जामखेडला एकत्र येत. निरनिराळ्या जातींच्या या स्त्रिया एकत्र जेवत, गावातील प्रश्न एकमेकींना सांगत आणि एकमेकींकडून शिकत. डॉक्टर, परिचारिका व समाजसेवक यांचे फिरते पथक त्यांच्या गावी जाई. प्रत्यक्ष भेट आणि नियमित एकत्र येणे, या दोन पायांवर ते काम उभे राहिले. १९७९ मध्ये आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९३ पासून ३९ गावांत नवजात बालकांच्या घरगुती काळजीचा अभ्यास केला. गावातील प्रशिक्षित स्त्रीने घरी जाऊन बाळाची काळजी घेतल्यास काय होते, हे त्यांना पाहावयाचे होते. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार त्या गावांतील नवजात मृत्युदर, तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने, ६२ टक्क्यांनी कमी झाला. आज आशा ज्या गृहभेटी करते त्यांचे मूळ या कामात आहे. आरोग्यदूतांना एकदा शिकवून सोडून दिले गेले नव्हते, तर त्यांच्या कामावर सातत्याने देखरेख होती, ही बाब लक्षात घेण्यासारखी आहे.

तिसरे उदाहरण तर लातूरचेच आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि हजारो माणसे दगडमातीखाली गेली. पुढे लातूर व उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यांतील शेकडो गावांत घरांची दुरुस्ती व बळकटीकरण करण्याचा कार्यक्रम शासनाने हाती घेतला. शासन आणि गावकरी यांच्यातील दुवा म्हणून गावोगावी 'संवाद सहायक' नेमले गेले, त्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेने त्यांना बळ दिले. घरकाम आणि शेत यांपलीकडे कधी न गेलेल्या स्त्रिया अभियंत्यांशी बोलू लागल्या, सिमेंटचा हिशेब विचारू लागल्या. भूकंपाने त्यांचा दिनक्रम मोडला होता. नवा दिनक्रम त्यांना काम करता करता सापडला, आणि एका गावच्या स्त्रीने दुसऱ्या गावी जाऊन काम पाहिल्याने तो रुजला.

दिनक्रम बदलतो तेव्हा

दूरच्या सहकाऱ्यांची खरी कसोटी लागते ती दिनक्रम बदलताना. या दोन जिल्ह्यांत तो तीन कारणांनी बदलत आला आहे.

पहिले कारण ऋतूचे. सोयाबीन काढणीला आले की गावातील स्त्रिया दिवस उगवण्यापूर्वी शेतात जातात. दुपारी अकराला आशा घरी गेली तर तिला कुलूप दिसेल. दसरा-दिवाळीच्या सुमारास कंधार, मुखेड, लोहा, जळकोट, अहमदपूर या भागांतून ऊसतोडीसाठी कुटुंबेच्या कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. त्यांत गरोदर स्त्रिया असतात, तान्ही बाळे असतात. अशा वेळी भेटींची वेळ पहाटे किंवा सायंकाळी नेणे, निघण्यापूर्वी गरोदर स्त्रियांची तपासणी उरकून माता-बाल संरक्षण कार्ड त्यांच्या हाती देणे, मुकादमाचा दूरध्वनी क्रमांक टिपून ठेवणे, हे सर्व आधी ठरवावे लागते. हा बदल दरवर्षी ठरल्या वेळी येतो. तरीही त्याची चर्चा मुक्काम हलल्यानंतर होत असेल, तर दोष आशेचा नाही, नियोजन करणाऱ्यांचा आहे. कोणत्या गावात काम केव्हा बदलते हे त्या गावच्या आशेलाच सर्वांत आधी ठाऊक असते. तिला विचारून वेळापत्रक करावे, हा नेतृत्वाचा साधा नियम आहे.

दुसरे कारण अकस्मात आलेले. २०२० मध्ये करोनाने सर्वच पालटून टाकले. पुण्या-मुंबईहून परतलेल्यांची नोंद, घरोघरचे सर्वेक्षण, अलगीकरणातील कुटुंबांची विचारपूस ही कामे आशेवर आली. १५ सप्टेंबर २०२० पासून राज्यात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम राबविण्यात आली. आरोग्य कर्मचारी व स्वयंसेवकांच्या पथकांनी दिवसाला सुमारे पन्नास घरे करावयाची, प्रत्येकाचा ताप आणि रक्तातील प्राणवायूचे प्रमाण पाहावयाचे, असे त्या मोहिमेचे स्वरूप होते. ज्या घरात कालपर्यंत आशाताईला चहा मिळत होता तेथे तिला भीतीपोटी उंबऱ्याबाहेर उभे राहावे लागले. तिच्या स्वतःच्या घरातही भीती होतीच.

एकत्र जमणे धोक्याचे झाल्याने सूचना व्हॉट्सॲपच्या गटावर येऊ लागल्या. येथे एक मोठा धडा आहे. संदेश पोहोचला म्हणजे तो समजला असे होत नाही. सकाळी एक परिपत्रक, दुपारी दुरुस्ती, रात्री तातडीचा तक्ता, अशा वर्षावात कोणती सूचना अखेरची हेच उमजेनासे होते. अशा काळात गटप्रवर्तकाने दिवसातून एकदा, ठरल्या वेळी, आजचे नेमके काम काय हे स्वतःच्या आवाजात, गावच्या बोलीत सांगणे फार मोलाचे ठरते. आणि ज्या आशेचा दोन दिवस काहीच निरोप नाही तिला तक्ता न मागता 'ताई, बरे आहे ना?' असा फोन करावा. मौन हा आळस असतो असे नाही. कित्येकदा तेच आजारपणाचे किंवा भीतीचे पहिले लक्षण असते.

तिसरे कारण यंत्राचे. कागदी नोंदवहीच्या जागी, किंवा खरे सांगावयाचे तर नोंदवहीच्या जोडीला, मोबाइलवरील नोंदी आल्या. मातृवंदना योजनेचे अर्ज, आयुष्मान कार्ड, असंसर्गजन्य रोगांचे तपासणी अर्ज यांची भर पडली. डोंगरातील गावांत संपर्कजाळे अधूनमधूनच मिळते. शेजारच्या अंगणवाडी सेविकांचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. ऑगस्ट २०२१ पासून राज्यातील अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले मोबाइल परत करण्याचे आंदोलन केले. मोबाइल कमी क्षमतेचे होते आणि 'पोषण ट्रॅकर'मध्ये नोंदी मराठीत करता येत नव्हत्या, ही त्यांची मुख्य तक्रार होती. नवे साधन आणताना ते वापरणाऱ्याची भाषा आणि त्याच्या हातातील यंत्र यांचा विचार आधी झाला पाहिजे, हे या प्रसंगातून दिसून आले.

या ठिकाणी नेतृत्वाने एक नियम पाळावा. नवे काम देताना जुने कोणते काम आजपासून बंद, हेही त्याच वेळी सांगावे. तीच नोंद दैनंदिनीत, रजिस्टरमध्ये आणि मोबाइलवर, अशी तीनदा करावयास लावली तर तिन्ही नोंदींवरचा विश्वास उडतो. गटप्रवर्तकाच्या हाती सर्व निर्णय नसतात हे खरे. परंतु वीस आशांची अडचण एकत्र करून ती तालुक्याच्या बैठकीत मांडणे तिच्या हाती असते. वरचे आदेश खाली पोहोचविणे हे तिचे अर्धे काम आहे, आणि खालचे सत्य वर पोहोचविणे हे उरलेले अर्धे.

सहकाऱ्यांना घडविणे

आशेच्या सहाव्या-सातव्या पुस्तिकांचे प्रशिक्षण प्रत्येकी पाच दिवसांच्या चार फेऱ्यांत, म्हणजे एकूण वीस दिवसांत, द्यावे अशी योजना आहे. एकाच वेळी वीस दिवस न शिकविता मध्ये खंड ठेवला आहे, हे शहाणपणाचे आहे. शिकलेले गावी जाऊन करून पाहावे आणि अडलेले पुढच्या फेरीत विचारावे, असा त्याचा हेतू. परंतु दोन फेऱ्यांच्या मध्ये गावात कोणी पाहावयास गेले नाही, तर त्या खंडात विसर पडतो. प्रशिक्षणाचे बीज वर्गात पेरले जाते, तरी त्याला पाणी गावातच घालावे लागते.

मासिक बैठकीचेही तसेच आहे. दूर राहणाऱ्या स्त्रिया महिन्यातून एकदा प्राथमिक आरोग्य केंद्रात जमतात. तो सारा वेळ आकडे वाचण्यात आणि कमी आकड्यांबद्दल सर्वांसमोर बोलणी खाण्यात गेला तर पुढच्या महिन्यात आकडे वाढतील, पण ते खरे असतीलच असे नाही. घरी झालेली प्रसूती, लस नाकारलेले कुटुंब, दगावलेले बाळ, या गोष्टी सांगण्याची भीती वाटू लागली की त्या दडविल्या जातात. याउलट, 'माझ्या गावात हे अडले' असे सांगणाऱ्या आशेचे आधी आभार मानले गेले आणि 'माझ्याकडे असेच झाले होते, मी असे केले' असे दुसरीने सांगितले, तर तीच बैठक पाठशाळा होते. अनुभवी आशेला नव्या आशेच्या गावी एक दिवस पाठविणे हाही घडविण्याचा उत्तम आणि स्वस्त मार्ग आहे.

मानधनाचा प्रश्न

केवळ गोड शब्दांनी सहकारी घडत नाहीत. मोबदला वेळेवर आणि पुरेसा असावा लागतो. जून २०२१ मध्ये, पुढे ऑक्टोबर २०२३ मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०२४ पासून राज्यातील आशा व गटप्रवर्तकांना संपावर जावे लागले. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने आशांच्या मानधनात दरमहा पाच हजार रुपयांची वाढ करण्याचा निर्णय घेतला. दरम्यान मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा जागतिक सन्मान केला होता. सन्मान आणि संप यांचे हे लागोपाठ येणे आपल्याला विचार करावयास लावते. दूरच्या सहकाऱ्याचे कष्ट दिसत नाहीत, म्हणूनच त्यांचे मोल ठरविताना अधिक काळजी घ्यावी लागते. गटप्रवर्तकाला तर गावोगाव फिरण्याचा प्रवासखर्चही स्वतःच्या मोबदल्यातूनच भागवावा लागतो, हे तिच्याकडून अपेक्षा करणाऱ्यांनी विसरू नये.

पणाला काय लागले आहे?

ऑक्टोबर २०२३ च्या आरंभी नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस रुग्ण दगावल्याचे वृत्त देशभर गाजले. त्यांत बारा नवजात बालके होती. कारणांविषयी पुष्कळ चर्चा झाली, आरोप झाले. एक गोष्ट मात्र कोणालाही नाकारता येणार नाही. नवजात बाळाचे प्राण वाचविण्याचे काम रुग्णालयाच्या दारात सुरू होत नाही. ते गावातील अंधाऱ्या खोलीत, तिसऱ्या दिवशी घड्याळ हाती धरून श्वास मोजणाऱ्या स्त्रीपासून सुरू होते. तिने धोका वेळीच ओळखला तर रुग्णालयावरचा भार हलका होतो आणि बाळाला अवधी मिळतो. तिने तो ओळखावा, यासाठी कोणी तरी तिच्यासोबत उभे राहून तिला शिकविलेले असावे लागते.

आपल्यापैकी अनेक जण शाळा, दवाखाने, बचत गट, वसतिगृहे यांचे काम पाहतात आणि त्यांचेही सहकारी दूरच्या गावी एकटे असतात. त्यांनी गटप्रवर्तकांच्या अनुभवातून एवढे जरूर घ्यावे : भेटीचा दिवस तपासणीत संपवू नये, सोबत काम करावे, वेळापत्रक गावाला विचारून करावे, नवे ओझे देताना जुने उतरवावे, वाईट बातमी आणणाऱ्याचे आभार मानावेत, आणि मोबदला थकवू नये.

पुढच्या वेळी आपल्या दारी आशाताई येईल तेव्हा तिला घोटभर पाणी द्यावे, बसावयास सांगावे आणि तिची गटप्रवर्तक गावात केव्हा आली होती हे आवर्जून विचारावे. त्या उत्तरावरून आपल्या गावातील तान्ही बाळे किती सुरक्षित आहेत, याचा अंदाज आपल्याला येईल.